रीत दाखवा

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना थोडें नवल वाटलें असेल. संगणकाच्या प्रोग्रॅममध्यें तपासणीसाठीं घातलेलीं विधानें, तीं खोटीं ठरलीं म्हणजे उमटणारे संदेश, आणि ते संदेश सुधारणारें एक लहानसें साधन, हा विषय पडला अभियंत्यांचा. त्यावर एका निवृत्त मास्तरानें बोलावें, हें औचित्याला धरून आहे काय? मीं स्वतःलाहि हा प्रश्न विचारून पाहिला. परंतु या विषयाच्या मुळाशीं जी गोष्ट आहे, ती मला माझ्या धंद्यांत फार उशिरां शिकतां आली, आणि तिची किंमत दुसऱ्यानें दिली. म्हणून प्रथम ती सांगतों आणि मग यंत्राकडे वळतों.

नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत माझ्या चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. तोंडी हिशेबांत तरतरीत. परंतु लेखी वजाबाकीच्या उदाहरणांत त्याचें उत्तर कधीं बरोबर येई, कधीं चुके. मुलें उदाहरण पाटीवर सोडवीत, उत्तर तेवढें वहींत उतरून घेत आणि पाटी पुसून टाकीत. माझ्यापुढें येई ती वही. उत्तर चुकलें असेल तेथें मी तांबड्या शाईनें फुली मारीं आणि वही परत करीं. वर्षभर मीं अशा फुल्या मारल्या. "तुझें लक्ष नसतें," असेंहि चारचौघांत म्हणालों. वार्षिक परीक्षेंत तो गणितांत नापास झाला. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां तो आला नाहीं. चौकशी केली, तों कळलें कीं कुटुंब गांव सोडून गेलें आहे, आणि 'पोराच्या डोक्यांत गणित शिरत नाहीं, शिकवून काय उपयोग' असें त्याचा बाप शेजाऱ्यांपाशीं बोलून गेला आहे.

पुढें कांहीं दिवसांनीं जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा रद्दींत घालावयाचा म्हणून चाळीत होतों, त्यांत त्या मुलाची पत्रिका हातीं आली. सहज उलटली. मागच्या कोऱ्या पानावर त्यानें कच्चें काम केलें होतें. ४०२ मधून १७८ वजा करावयाचे होते. दोनांतून आठ जात नाहींत. दशकाच्या घरीं शून्य. म्हणून त्यानें शतकाकडून एक घेतला. येथवर सर्व ठीक. परंतु त्या एका शतकाचे दहा दशक झाले आणि त्यांतला एक एककाला दिला, म्हणजे दशकाच्या घरीं नऊ उरावयास पाहिजेत. तो दहाच धरून चाले. म्हणून २२४ च्या जागीं २३४. पानभर पाहिलें. ज्या ज्या उदाहरणांत मध्यें शून्य होतें तेवढींच चुकलीं होतीं. बाकीचीं सगळीं बरोबर होतीं. चूक एकच होती, आणि ती पांच मिनिटांत सांगून दुरुस्त होण्याजोगी होती. ती मला वर्षभर दिसली नाहीं, कारण मीं उत्तर पाहिलें, रीत पाहिली नाहीं. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत माझ्या वर्गांत फळ्याच्या कोपऱ्यांत दोन शब्द लिहिलेले असत: रीत दाखवा.

आतां यंत्राकडे येतों. दिवाळींत मी पुण्यास भाचीकडे राहावयास गेलों होतों. ती संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. त्या दिवसांत तिच्याकडे एका ग्रंथालयाचें काम होतें: सभासदांची नोंद, पुस्तकांची देवघेव, उशिराबद्दल दंड, वगैरे. एके दुपारीं ती कपाळाला हात लावून बसलेली पाहिली आणि मीं विचारलें, "काय अडलें?" ती म्हणाली, "मामा, हें यंत्र 'चूक' एवढेंच म्हणतें. कोठें चूक तें सांगत नाहीं." हे शब्द ऐकून मीं चष्मा लावला आणि तिच्या शेजारीं खुर्ची ओढून बसलों.

तिनें मला जें समजावून दिलें तें मी माझ्या भाषेंत सांगतों. प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य मूळ प्रोग्रॅम लिहून थांबत नाहीं. तो प्रोग्रॅम नीट चालतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तो दुसरे छोटे प्रोग्रॅम लिहितो. त्यांना टेस्ट म्हणतात. टेस्टमध्यें एक ठाम विधान केलेलें असतें: अमुक दिलें असतां अमुकच आलें पाहिजे. या विधानाला असर्शन असें नांव आहे. आपल्या न्यायशास्त्रांत जें सिद्ध करावयाचें त्या विधानाला प्रतिज्ञा म्हणतात. मी आज तोच शब्द योजतों. यंत्र प्रतिज्ञा पडताळून पाहतें. खरी ठरली तर मुकाट्यानें पुढें जातें. खोटी ठरली तर थांबतें आणि संदेश लिहितें.

ही कल्पना आजकालची नव्हे. १९४९ च्या जूनमध्यें केंब्रिज येथें गणनयंत्रांविषयीं एक परिषद भरली होती. तींत ॲलन ट्यूरिंग यांनीं मोठ्या प्रोग्रॅमची तपासणी कशी करावी या विषयावर एक छोटा निबंध सादर केला. त्यांचा आशय असा कीं, लिहिणाऱ्यानें जागोजागीं निश्चित प्रतिज्ञा करून ठेवाव्या. त्या एकेक करून तपासतां याव्या, आणि सगळ्या तपासून झाल्या म्हणजे संपूर्ण प्रोग्रॅम बरोबर आहे हें सहज निघावें. आणि दाखला कोणता दिला असेल? लांबलचक बेरजेचा! नुसतें उत्तर पुढें ठेवलें तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज पुन्हां पहिल्यापासून करावी लागते. परंतु हातचे लिहून ठेवलेले असले तर एकेक स्तंभ वेगळा तपासतां येतो. भाचीनें हें मला सांगितलें तेव्हां माझ्या मनाला किती बरें वाटलें म्हणून सांगूं! एवढा थोर गणिती, आणि त्याचें म्हणणें तेंच, जें प्राथमिक शाळेचा मास्तर मुलांना सांगतो: हातचे पुसूं नका. पुढें १९६७ सालीं रॉबर्ट फ्लॉइड यांनीं आणि १९६९ सालीं टोनी होर यांनीं या विचाराला शास्त्राचें रूप दिलें.

आतां भाचीची प्रतिज्ञा ऐका. एका सभासदानें २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं परत करावयाचें पुस्तक ३ मार्चला आणून दिलें. दंड दिवसाला दोन रुपये. उशिराचे दिवस चार, म्हणून दंड आठ रुपये. तिनें लिहिलें होतें: 'सभासदाचें खातें चालू आहे, आणि उशिराचे दिवस गुणिले दर बरोबर आठ.' यंत्रानें उत्तर दिलें: 'असर्शन फेल्ड.' म्हणजे प्रतिज्ञा खोटी. यापलीकडे एक अक्षर नाहीं.

यांत संशयाला जागा किती आहेत पाहा. खातें चालू नसेल. दिवस चुकीचे मोजले असतील. दर दुसराच लागला असेल. किंवा दिवस आणि दर दोन्ही चुकले असतील. भाचीनें प्रथम दरावर संशय घेतला, कारण तो नुकताच बदलला होता. त्यांत तास गेला. मग खात्याची मुदत तपासली. त्यांत आणखी वेळ गेला. मीं तिला विचारलें, "अग, यंत्रानें गुणाकार केला, तेव्हां दिवस किती धरले हें त्याला ठाऊक असेलच कीं! तें सांगत कां नाहीं?" ती म्हणाली, "ठाऊक होतें मामा. पण तें विसरलें."

हें विसरणें कसें घडतें, तें समजून घेण्यासारखें आहे. मनुष्य प्रोग्रॅम लिहितो तो मनुष्याला कळेल अशा भाषेंत. यंत्राला ती कळत नाहीं. म्हणून मध्यें एक भाषांतरकार लागतो. त्याला कंपायलर म्हणतात. तो आपलें विधान वाचून त्याचा एक वृक्ष मांडतो. आमच्या उदाहरणांत बुंध्याशीं 'आणि' हा शब्द; त्याला दोन फांद्या. एकीवर 'खातें चालू आहे' हें पान. दुसरीवर बरोबरीचें चिन्ह. त्या चिन्हाच्या एका बाजूस आठ, दुसऱ्या बाजूस गुणाकार. आणि गुणाकाराला दिवस व दर हीं दोन पानें. यंत्र पानांकडून बुंध्याकडे हिशेब करीत येतें. पानांवरच्या किमती वरच्या फांदीला दिल्या कीं त्यांचें काम संपलें. त्या टाकून दिल्या जातात. शेवटीं प्रतिज्ञा तपासणाऱ्या फंक्शनच्या हातीं काय पडतें? 'खरें' किंवा 'खोटें', एवढा एकच शब्द. त्या बिचाऱ्याला विधानाचे शब्दहि ठाऊक नसतात, मग किमती कोठून असणार? पाटीवर उदाहरण सोडवून ती पुसून टाकली आणि वहींत फक्त फुली राहिली, तोच हा प्रकार.

यावर आजवर उपाय झाले नाहींत असें नाहीं. पहिला उपाय सोपा: लिहिणाऱ्यानें प्रतिज्ञेबरोबर संदेशहि आपल्या हातानें लिहावा. 'दंड चुकला, दिवस इतके, दर इतका.' परंतु शेंकडों प्रतिज्ञा असल्या म्हणजे मनुष्य कंटाळतो, आणि बहुतेक संदेश 'येथें कांहीं तरी चुकलें' अशा थाटाचे होतात. शिवाय त्यांत एक मोठा धोका आहे. नियम बदलतो, प्रतिज्ञा बदलते, पण शेजारचा संदेश जुनाच राहतो. मग दर तीन रुपये झाल्यावरहि संदेश दोन रुपयांचीच गोष्ट सांगत बसतो. मौन पत्करलें, पण खोटी साक्ष नको.

दुसरा उपाय, प्रतिज्ञेचे ठराविक सांचे वापरण्याचा. 'हें त्याच्याबरोबर असावें' असा एक सांचा आहे. तो चुकला तर 'अपेक्षा आठाची होती, आले सहा' असें सांगतो. यानें पुष्कळ काम भागतें. पण सहा कोठून आले, हें कळत नाहींच. आणि आमच्यासारखी दुहेरी प्रतिज्ञा त्या सांच्यांत बसत नाहीं. असे शेंकडों सांचे तयार करून दिलेले संचहि आहेत. हॅमक्रेस्ट आणि असर्ट-जे हीं त्यांतलीं दोन प्रसिद्ध नांवें. ते उपयोगी आहेत. मात्र प्रत्येक प्रकारच्या तुलनेसाठीं वेगळा शब्द पाठ करावा लागतो. साधें विधान साध्या भाषेंत लिहावें आणि तरीहि रीत दिसावी, ही इच्छा त्यांनीं पुरी होत नाहीं.

तिसरा उपाय, ज्यासाठीं मी आज बोलावयास आलों आहें, तो असा: भाषांतरकारालाच रीत टिपून ठेवावयास सांगावें. पाटी पुसली जाते ती भाषांतराच्या पद्धतीमुळें. मग ती जपण्याची व्यवस्थाहि भाषांतर होत असतांनाच करावी, हेंच सरळ नाहीं काय?

भाची ज्या भाषेंत लिहिते तिचें नांव कॉटलिन. सेंट पीटर्सबर्गजवळ फिनलंडच्या आखातांत या नांवाचें एक बेट आहे, त्यावरून तें पडलें. जेटब्रेन्स नांवाच्या कंपनीनें ही भाषा २०११ मध्यें जाहीर केली आणि २०१६ च्या फेब्रुवारींत तिची पहिली पक्की आवृत्ति निघाली. या भाषेच्या कंपायलरला बाहेरून जोडसाधनें लावतां येतात. त्यांना प्लगिन म्हणतात. त्यांपैकीं एकाचें नांव पॉवर-असर्ट. ब्रायन नॉर्मन यांनीं तें प्रथम स्वतंत्रपणें तयार केलें, आणि २०२४ च्या मे महिन्यांत कॉटलिनची २.० आवृत्ति आली तेव्हां तें प्रायोगिक म्हणून त्या भाषेबरोबरच मिळूं लागलें.

त्याचें काम असें चालतें. कंपायलरनें वृक्ष मांडला आहे, अजून यंत्राच्या भाषेंत तो उतरलेला नाहीं. अशा वेळीं हें साधन मध्यें शिरतें. प्रतिज्ञेच्या वृक्षावरील प्रत्येक पान आणि प्रत्येक फांदी घेऊन, 'हिची किंमत निघाली कीं एका तात्पुरत्या खणांत ठेवून दे' असें त्यांत लिहून ठेवतें. त्याबरोबर, मूळ विधानाच्या ओळींत ती फांदी नेमकी कितव्या अक्षराशीं आहे, ही नोंदहि करतें. पुढें प्रोग्रॅम चालूं लागल्यावर प्रतिज्ञा खरी ठरली तर ते खण तसेच विरून जातात; संदेश बनविण्याची खटपट होतच नाहीं. खोटी ठरली तर मात्र खणांतल्या किमती बाहेर काढून संदेश रचला जातो. वर विधान, जसेंच्या तसें, लिहिणाऱ्यानें लिहिलें त्याच शब्दांत. आणि त्यांतल्या प्रत्येक शब्दाखालीं, गवंडी भिंतीवरून ओळंबा सोडतो तशी एकेक उभी रेघ. रेघेच्या टोकाला त्या शब्दाची त्या क्षणींची किंमत.

यासाठीं भाचीला प्रतिज्ञेंत एक अक्षरहि बदलावें लागलें नाहीं. प्रोग्रॅमच्या बांधणीचें जें वेगळें टिपण असतें, त्यांत दोन-चार ओळी घातल्या कीं झालें. कोणत्या फंक्शनांवर नजर ठेवावयाची हेंहि तेथेंच सांगतां येतें. कांहीं न सांगितल्यास तें साध्या 'असर्ट'कडेच लक्ष देतें; 'असर्ट-ट्रू', 'असर्ट-ईक्वल्स', 'रिक्वायर' अशांचीं पूर्ण नांवें दिलीं तर त्यांचीहि रीत दाखवितें. अट एवढीच कीं, त्या फंक्शनला शेवटीं संदेश स्वीकारण्याची सोय असली पाहिजे; कारण रचलेला संदेश त्याच दारानें आंत पोंचवावयाचा असतो.

तिनें साधन जोडलें, टेस्ट पुन्हां चालविली, आणि पडद्यावर तीच प्रतिज्ञा उमटली. या वेळीं ओळंब्यांसकट. 'खातें चालू' याखालीं 'खरें'. 'दर' याखालीं दोन. 'गुणाकार' याखालीं सहा. 'बरोबर आठ' याखालीं 'खोटें'. आणि 'दिवस' याखालीं तीन.

तीन! २८ फेब्रुवारी ते ३ मार्च, आणि दिवस तीन? मी चटकन् म्हणालों, "अग, २०२४ हें लीप वर्ष! एकोणतीस तारीख मोजलीच नाहीं यानें." शोधल्यावर तसेंच निघालें. पूर्वीं कोणी तरी हातानें एक कोष्टक लिहून ठेवलें होतें, त्यांत फेब्रुवारीचे दिवस कायमचे अठ्ठावीस धरले होते. तिनें कोष्टक काढून टाकलें आणि दिवस मोजण्याची भाषेचीच तयार सोय वापरली. मग आणखी एक प्रतिज्ञा लिहिली: चारानें भाग जात असला तरी २१०० हें लीप वर्ष नव्हे. मीं म्हटलें, "शाबास! हें मला शाळेंत कोणी विचारलें नव्हतें." दुपारभर जें सांपडलें नाहीं तें एका दृष्टिक्षेपांत सांपडलें. यंत्र अधिक शहाणें झालें होतें असें नाहीं. त्यानें जें पूर्वींहि केलें होतें तेंच आतां टाकून न देतां पुढें ठेवलें, इतकेंच.

ही सोय एकट्या कॉटलिनचीच नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. ग्रूव्ही नांवाच्या भाषेंत ती २००९ सालींच आली. तिचें मूळ स्पॉक या टेस्ट लिहिण्याच्या संचांत होतें, आणि त्याचे कर्ते पीटर नीडरवीझर. जावास्क्रिप्टसाठीं जपानांतील ताकुतो वादा यांनीं त्याच नांवाचें साधन केलें. पायथॉन भाषेंत पायटेस्ट नांवाचें साधन टेस्टची फाईल उघडतांनाच प्रतिज्ञांची पुनर्रचना करून किमती दाखवितें. निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या लोकांना एकच गरज भासली आणि उपायहि एकाच जागीं सांपडला: विधान आणि त्याच्या किमती ज्या क्षणीं एकत्र असतात, त्याच क्षणीं त्या टिपल्या पाहिजेत. मागाहून कितीहि हुशार मनुष्य बसविला तरी पुसलेली पाटी त्याला वाचतां यावयाची नाहीं.

आतां या साधनाच्या मर्यादा. त्या न सांगितल्यास मी एखाद्या मालाची जाहिरात केली असें होईल.

पहिली गोष्ट, 'आणि' या शब्दाची. यंत्र आळशी आहे, आणि तें योग्यच आहे. 'आणि'च्या डावीकडचें विधान खोटें निघालें तर तें उजवीकडे पाहतच नाहीं. आमच्या उदाहरणांत खातेंच बंद असतें तर दिवस, दर आणि गुणाकार यांखालीं एकहि किंमत दिसली नसती. नवख्याला वाटेल कीं साधन बिघडलें. परंतु ती कोरी जागाहि साक्षच देते: येथवर हिशेब पोंचलाच नाहीं.

दुसरी गोष्ट संवयीची. नीटनेटका लिहिणारा आधीं वेगळ्या ओळीवर दंड काढून ठेवतो आणि प्रतिज्ञेंत फक्त 'दंड बरोबर आठ' असें लिहितो. मग साधनाला दिसणार काय? दंड सहा, एवढेंच. कारण त्याची नजर प्रतिज्ञेपुरती. हिशेब बाहेर झाला, त्याची रीतहि बाहेरच राहिली. म्हणून या साधनाबरोबर काम करावयाचें तर हिशेब प्रतिज्ञेच्या आंतच लिहिण्याची संवय लावून घ्यावी लागते. अर्थात् एकाच वाक्यांत सगळा ग्रंथालयाचा कारभार कोंबला तर ओळंबे एवढे लोंबतील कीं भिंतच दिसावयाची नाहीं. तारतम्य ठेवावें.

तिसरी गोष्ट, किंमत दाखविणें म्हणजे ती वाचतां येणें नव्हे. आंकडे आणि शब्द सहज छापले जातात. पण प्रोग्रॅममध्यें 'सभासद' ही एक संयुक्त वस्तु असते, आणि तिनें स्वतःचें वर्णन कसें करावें हें लिहून ठेवलेलें नसेल तर तिच्याखालीं वर्गाचें नांव आणि एक निरर्थक आंकडा उमटतो. पाकिटाचा नंबर कळला, आंतलें पत्र नाहीं. दुसऱ्या बाजूनें, सगळें वर्णन छापलें जात असेल तर टेस्टमध्यें खऱ्या सभासदांचीं नांवें आणि फोनचे आंकडे घालूं नयेत. तपासणीच्या नोंदी पुष्कळांच्या नजरेखालून जातात. आणि नांवाच्या शेवटीं राहून गेलेली एखादी मोकळी जागा ओळंब्याखालींहि डोळ्यांना दिसत नाहीं, हेंहि लक्षांत असावें.

शेवटची आणि सर्वांत मोठी मर्यादा ही कीं, साधन हेतु शोधून देत नाहीं. 'दिवस तीन' हें त्यानें सांगितलें. 'लीप वर्ष विसरलें' हें मनुष्यानें ओळखलें. आणि प्रतिज्ञाच जर चुकीची केली असेल, आठाच्या जागीं आपणच सहा लिहिले असतील, तर सगळे ओळंबे सरळ असूनहि भिंत वांकडी राहील. न्यायशास्त्रांत अनुमानाचे पांच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. नुसत्या प्रतिज्ञेला तेथें किंमत नाहीं. तिच्यामागून लगेच हेतु यावा लागतो. यंत्रानें प्रतिज्ञा खोटी म्हणतांना निदान पुरावा द्यावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. त्या पुराव्यावरून हेतु काढणें, हें आपलें काम आहे आणि तें आपल्याकडेच राहावें.

श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेकांना प्रोग्रॅम लिहावयाचे नाहींत. तरी हा विषय मीं आपल्यापुढें आणला, कारण 'चूक' हा शब्द आपण सर्वच उच्चारतों: घरीं मुलांना, कचेरींत हाताखालच्या माणसांना. तो उच्चारणाऱ्याला सोपा असतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यांतून कांहींच हातीं लागत नाहीं. भाचीसारखी शिकलेली, जाणती बाई त्या एका शब्दानें दुपारभर अडून बसली. मग नऊ-दहा वर्षांच्या मुलाची काय कथा! तो कोष्टक शोधावयास जात नाहीं. चूक हिशेबांत नसून आपल्यांतच आहे असें तो धरून चालतो.

तो माझा विद्यार्थी आज पन्नाशीच्या घरांत असेल. कोठें आहे, काय करतो, मला ठाऊक नाहीं. त्याला माझ्याकडून त्या वर्षीं पुष्कळ फुल्या मिळाल्या, आणि त्या फुल्यांखालीं एकहि रेघ नव्हती, एकहि आंकडा नव्हता. पत्रिकेचें पान उलटावयास मला किती वेळ लागला असता? आपल्या घरीं आज एखादें मूल चुकलेलें उदाहरण घेऊन येईल, तेव्हां उत्तराकडे पाहण्यापूर्वीं तें पान एकदां उलटून पाहावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.